वर्गांतील ई-शिक्षण : लाभ आणि अडचणी

मनुष्यानें विद्या संपादन करण्यासाठीं वापरलेलीं साधनें काळाप्रमाणें बदलत आलीं आहेत. आपल्या महाराष्ट्रांत पूर्वीं पंतोजींच्या शाळेंत मुलें लांकडी पाटीवर धूळ पसरून तींत अक्षरें गिरवीत असत. पुढें दगडी पाटी आली, फळा व खडू आले, आणि छापील पुस्तकें आलीं. १८३१ सालीं मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं मराठी पंचांग छापून काढलें, त्या काळीं छपाईच्या शाईंत चरबी असते अशा समजुतीनें कित्येक सनातनी लोक छापील कागदास स्पर्श करण्यासही कचरत असत. आज त्यांच्याच वंशजांचीं मुलें दप्तरभर छापील पुस्तकें घेऊन शाळेस जातात, व त्यांत कोणास कांहीं नवल वाटत नाहीं. नवें साधन पाहून दचकणें बरें नव्हे, हा या इतिहासाचा एक बोध आहे. परंतु केवळ नवें आहे एवढ्यावरून त्यावर भाळणें हेंही तितकेंच अविचाराचें होय. साधनाची परीक्षा त्याच्या चकाकीवरून न करितां त्यापासून विद्यार्थ्याच्या पदरांत काय पडतें यावरून करावी. ई-शिक्षणाचा विचार आपण याच दृष्टीनें करूं.

ई-शिक्षण म्हणजे काय ?

संगणक, स्मार्टफोन, दूरचित्रवाणी, भिंतीवरील मोठा पडदा, इंटरनेट इत्यादि विद्युत्-साधनांच्या साहाय्यानें जें अध्यापन अथवा अध्ययन होतें, त्यास ई-शिक्षण असें म्हणतात. त्याचे स्थूलमानानें तीन प्रकार करतां येतात. शिक्षक वर्गांत उभा राहून पडद्यावर चित्र अगर प्रयोग दाखवितो व समजावून देतो, हा पहिला प्रकार. विद्यार्थी घरीं अगर शाळेंत यंत्रासमोर एकटा बसून पाठ ऐकतो व उदाहरणें सोडवितो, हा दुसरा. शिक्षक एके ठिकाणीं व विद्यार्थी दुसऱ्या ठिकाणीं असून उभयतांची गांठ केवळ पडद्यावर पडते, हा तिसरा. या तिन्ही प्रकारांचे गुणदोष निरनिराळे आहेत, व त्यांची गल्लत केल्यामुळेंच या विषयावरील वाद पुष्कळदां निष्फळ ठरतात.

पूर्वेतिहास

ही कल्पना आजकालची नव्हे. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत १९६० सालीं ‘प्लेटो’ नांवाची संगणकाद्वारें शिकविण्याची योजना सुरू झाली. आपल्या देशांत १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत एक मोठा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एका उपग्रहाचें साहाय्य घेऊन आपल्या शास्त्रज्ञांनीं सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोंचविले, व त्यांत शाळकरी मुलांसाठीं मुद्दाम तयार केलेले पाठही होते. पुढें २० सप्टेंबर २००४ रोजीं केवळ शिक्षणासाठीं ‘एज्युसॅट’ हा स्वदेशी उपग्रह आकाशांत सोडण्यांत आला. केरळ राज्यानें २००१ पासून शाळांत संगणक-शिक्षणाची पद्धतशीर योजना आंखली. २०१७ सालीं केंद्र सरकारनें ‘दीक्षा’ हें शैक्षणिक भांडार खुलें केलें. आज आपल्या पाठ्यपुस्तकांत जो काळा-पांढरा चौकोनी क्यू. आर. संकेत छापलेला असतो, तो या भांडारांतील पाठांकडे जाण्याचा जणूं दरवाजाच होय.

या संकेताच्या संबंधांत आपल्या सोलापूर जिल्ह्यांतील एका शिक्षकांचा उल्लेख करणें उचित होईल. माढा तालुक्यांतील परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेंत श्री. रणजितसिंह डिसले यांची नेमणूक झाली, तेव्हां तेथील मुलांची घरची भाषा कानडी होती व पुस्तकांची भाषा त्यांस परकी होती. डिसले गुरुजींनीं प्रथम स्वतः मुलांची भाषा शिकून घेतली, पाठांचे त्या भाषेंत रूपांतर केलें, आणि मग पुस्तकांच्या पानांवर क्यू. आर. संकेत चिकटवून त्यांतून ध्वनि व चित्रें मुलांपर्यंत पोंचविलीं. २०२० सालीं त्यांस दहा लक्ष डॉलर्सचें जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें, व त्यांतील अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. यांतील क्रम विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगा आहे. आधीं मुलांची भाषा, मग पाठ, आणि सर्वांत शेवटीं यंत्र !

लाभ

ई-शिक्षणाचा पहिला लाभ हा कीं, जें डोळ्यांस दिसत नाहीं तें त्याच्या योगें दाखवितां येतें. हृदयाचे कप्पे कसे उघडझांप करितात, अणूंची घडण कशी असते, ग्रहण कसें लागतें, हें फळ्यावरील स्थिर आकृतीनें समजावून देण्यास शिक्षकास पुष्कळ आयास पडतात. पडद्यावरील हालत्या चित्रानें तीच गोष्ट थोडक्या वेळांत ध्यानांत येते. ऑस्ट्रियांतील साल्झबुर्ग विद्यापीठांत २००१ सालीं ‘जिओजेब्रा’ नांवाचें भूमितीचें साधन निर्माण झालें. त्यांत त्रिकोणाचा एक कोनबिंदु बोटानें सरकविला असतां तिन्ही कोनांची मापें बदलतांना दिसतात, तरी त्यांची बेरीज १८० अंशच राहते. हें स्वतः पाहिलेला विद्यार्थी त्या सिद्धांताकडे निव्वळ पाठांतराची बाब म्हणून पाहणार नाहीं. नोबेल पारितोषिक मिळविणारे पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनीं २००२ सालीं कोलोरॅडो विद्यापीठांत ‘फेट’ या नांवानें विज्ञानाचे आभासी प्रयोग तयार करविण्यास आरंभ केला, व ते आतां विनामूल्य व मराठींतही मिळतात. ज्या शाळेंत प्रयोगशाळा तुटपुंजी आहे तेथें त्यांचें मोल विशेष आहे.

दुसरा लाभ पुनरावृत्तीचा. वर्गांत एकदां सांगितलेली गोष्ट न समजल्यास पुनः विचारण्याचा संकोच पुष्कळ मुलांस वाटतो. यंत्रास तोच पाठ दहा वेळां विचारला तरी तें कंटाळत नाहीं, व शेजारचा विद्यार्थीही हसत नाहीं. आजारामुळें अथवा शेतीच्या हंगामामुळें ज्याचे दिवस बुडाले त्यासही मागील पाठ गांठतां येतो.

तिसरा लाभ अपंग विद्यार्थ्यांचा. अंध विद्यार्थ्यास पुस्तक मोठ्यानें वाचून दाखविणारें यंत्र मिळालें म्हणजे दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहण्याचें त्यास कारण उरत नाहीं. ज्यास कमी ऐकूं येतें त्यास पडद्यावर उमटलेले शब्द वाचतां येतात. एरव्हीं कोणत्याही उपायानें सहज न साधणारी ही गोष्ट आहे. करितां तिचें महत्त्व केवळ संख्येनें मोजूं नये.

चवथा लाभ हा कीं, प्रत्येक विद्यार्थ्यास त्याच्या पायरीवरून पुढें नेतां येतें. या लाभाविषयीं पुढें सविस्तर लिहावयाचें आहे.

अडचणी

आतां दुसरी बाजू पाहूं. पहिली अडचण विषमतेची. राष्ट्रीय नमुना पाहणीप्रमाणें २०१७-१८ मध्यें देशांतील ग्रामीण कुटुंबांपैकीं शेंकडा ४ हून थोड्या अधिक कुटुंबांतच संगणक होता. शहरांत हें प्रमाण शेंकडा २३ च्या वर होतें. इंटरनेटची सोय खेड्यांत शेंकडा १५ व शहरांत शेंकडा ४२ कुटुंबांस होती. अशा स्थितींत मार्च २०२० मध्यें कोविड रोगाच्या सांथीमुळें शाळा बंद झाल्या, आणि ई-शिक्षण हें एक साधन न राहतां एकमेव साधन होऊन बसलें. युनेस्कोच्या गणतीप्रमाणें त्या वर्षीं जगांतील दीडशें कोटींहून अधिक विद्यार्थ्यांच्या शाळा बंद झाल्या होत्या. ज्या घरांत एक फोन व तीन भावंडें, त्या घरांत पाठ कोणीं ऐकावा ? बाप फोन घेऊन कामास गेला असतां मुलानें काय करावें ? आपल्या कोंकणांत लहरी मिळाव्या म्हणून मुलें टेंकडीवर जाऊन बसल्याचें, आणि पालघर जिल्ह्यांतील आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपक लावून पाठ ऐकविल्याचें वृत्तपत्रांतून सर्वांनीं वाचलेंच असेल. त्या मुलांची जिद्द व त्या कार्यकर्त्यांची कळकळ स्तुत्य खरीच. तथापि जिद्दीवांचून शिक्षण मिळूंच नये ही स्थिति समाजास भूषणावह नाहीं.

त्या काळाचा परिणामही मोजला गेला आहे. ‘असर’ या ग्रामीण पाहणींत तिसरींतील मुलांस दुसरीच्या पुस्तकांतील उतारा वाचतां येतो कीं नाहीं हें पाहतात. २०१८ मध्यें शेंकडा २७ मुलांस तो वाचतां येत होता. २०२२ मध्यें हें प्रमाण शेंकडा २०.५ वर घसरलें. विशेष हें कीं, याच चार वर्षांत ग्रामीण कुटुंबांतील स्मार्टफोनचें प्रमाण शेंकडा ३६ वरून शेंकडा ७५ च्या घरांत गेलें होतें. फोन घरांत आला, पण वाचन घरांत आलें नाहीं. शाळा पुनः नियमित भरूं लागल्यावर २०२४ च्या पाहणींत वाचनाचें प्रमाण पुनः शेंकडा २७ झालें. भरलेल्या वर्गाची किंमत याहून अधिक स्पष्ट शब्दांत सांगण्याची आवश्यकता नाहीं.

दुसरी अडचण चित्ताच्या एकाग्रतेची. पुस्तक उघडलें असतां त्यांत पुस्तकच असतें. फोन उघडला असतां त्यांत पाठ, खेळ, गप्पा व करमणूक हीं सर्व एकाच दारांत उभीं असतात. त्यांतील पुष्कळशीं तर मनुष्यास खिळवून ठेवण्याच्या हेतूनेंच रचलेलीं असतात. २०२४ च्या ‘असर’ पाहणींत १४ ते १६ वर्षांच्या, फोन वापरतां येणाऱ्या मुलांपैकीं शेंकडा ५७ जणांनीं गेल्या आठवड्यांत तो अभ्यासासाठीं वापरल्याचें सांगितलें, आणि शेंकडा ७६ जणांनीं समाजमाध्यमांसाठीं. या आंकड्यांवर विद्यार्थ्यांनीं रागावूं नये. स्वतःचा मागील आठवडा मनांत आणून ते ताडून पाहावे.

तिसरी अडचण वाचनाच्या खोलीची. कागदावरील व पडद्यावरील वाचनाची तुलना करणारे ५४ अभ्यास एकत्र तपासून त्यांचा निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. माहितीपर मजकूर कागदावर वाचणारांस तो अधिक चांगला समजतो, आणि वेळ ठरलेला असल्यास हा फरक वाढतो, असें त्यांत आढळलें. गोष्टींच्या वाचनांत मात्र असा फरक दिसला नाहीं. स्वीडनसारख्या संपन्न देशानेंही २०२३ सालीं शाळांत छापील पुस्तकें पुनः आणण्यासाठीं मोठी रक्कम मंजूर केली, हें येथें लक्षांत घ्यावें.

चवथी अडचण अगदीं अलीकडची. ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं ‘चॅट-जी-पी-टी’ नांवाचें संभाषण करणारें यंत्र लोकांस खुलें झालें, व त्यानंतर तशीं अनेक यंत्रें निघालीं. निबंध सांगा, तें लिहून देतें; गणित सांगा, सोडवून देतें; क्वचित् आत्मविश्वासानें चुकीचें उत्तरही देतें. निबंध लिहावयास सांगतांना शिक्षकास निबंध नको असतो. तो लिहितांना विद्यार्थ्याच्या मनास जो व्यायाम घडतो तो हवा असतो. दुसऱ्यानें काढलेल्या बैठकांनीं आपले दंड भरत नाहींत, तद्वत् यंत्रानें लिहिलेल्या निबंधानें आपली बुद्धि वाढत नाहीं.

दोन प्रयोगांचा बोध

लाभ खरे, अडचणीही खऱ्या. तर मग निर्णय कसा करावा? दोन प्रयोग शेजारीं शेजारीं ठेवून पाहिले असतां त्याचें उत्तर सांपडतें.

दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाच्या सरकारनें खेड्यांतील शाळांस लहान संगणक फार मोठ्या संख्येनें वांटले. ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांची पाहणी सुमारें पंधरा महिन्यांनंतर करण्यांत आली, व तिचा वृत्तान्त २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. जेथें आठ-नऊ मुलांमागें एक संगणक होता तेथें प्रत्येक मुलामागें एक झाला. विचारशक्तीच्या कांहीं कसोट्यांत थोडी सुधारणा दिसली. परंतु गणित व भाषा या विषयांत मुलांच्या प्रगतीवर कांहींही परिणाम आढळला नाहीं.

दिल्लीच्या सरकारी शाळांतील मुलांवर झालेल्या दुसऱ्या प्रयोगाचें फळ निराळें आहे. त्याचा वृत्तान्त २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत ६१९ विद्यार्थी होते. सोडत काढून कांहींस शाळा सुटल्यानंतरच्या अभ्यासकेंद्रांत प्रवेश देण्यांत आला. तेथें दीड तासांपैकीं निम्मा वेळ मूल संगणकावर काम करी, व निम्मा वेळ लहान गटांत शिक्षकापाशीं बसे. संगणकाचें काम असें कीं, प्रथम मुलाची परीक्षा घेऊन त्यास खरोखर काय येतें तें शोधावयाचें, आणि तेथून पुढचें उदाहरण द्यावयाचें. मूल सहावींत बसतें म्हणून सहावीचें नव्हे ! परीक्षेंत असें दिसून आलें कीं, सहावींतील सामान्य मूल गणितांत सुमारें अडीच इयत्ता मागें आहे. साडेचार महिन्यांत केंद्रांतील मुलें गणित व हिंदी या दोन्ही विषयांत इतरांच्या स्पष्टपणें पुढें गेलीं. ज्यांस सोडतींत प्रवेश मिळाला नाहीं अशा मुलांपैकीं सर्वांत मागें असलेल्या एकतृतीयांश मुलांची प्रगति मात्र त्या काळांत जवळजवळ शून्य होती.

या शेवटच्या वाक्यावर पालकांनीं क्षणभर थांबावें. तीं मुलें अनुपस्थित नव्हतीं. तीं शाळेंत जात होतीं, वर्गांत बसत होतीं, वह्या भरीत होतीं. परंतु फळ्यावर जें चाललें होतें तें त्यांच्या डोक्यावरून जात होतें, आणि तें कोणाच्या ध्यानांतही येत नव्हतें. प्रत्येक वर्गांत अशीं मुलें असतात. तीं मंद नसतात. त्यांची एखादी पायरी मागें राहून गेलेली असते. साठ मुलांच्या वर्गांत ती पायरी शोधण्यास एकट्या शिक्षकास वेळ कोठून मिळावा ? ही उणीव भरून काढण्यास यंत्राचें साहाय्य होऊं शकतें, आणि ई-शिक्षणाचा सर्वांत मोठा उपयोग हाच होय. पेरूमध्यें यंत्र आलें, परंतु मुलाची पायरी कोणीं शोधली नाहीं. दिल्लींत ती शोधली गेली, आणि शेजारीं शिक्षकही होता. २०२३ सालीं युनेस्कोनें आपल्या वार्षिक अहवालांत शिक्षणांतील यंत्रांचा प्रश्न घेऊन, तीं कोणाच्या हितासाठीं व कोणाच्या अटींवर आणलीं जातात हें पाहावें असा जो इशारा दिला आहे, त्याचाही आशय याहून फारसा वेगळा नाहीं.

विद्यार्थ्यांनीं काय करावें ?

विद्यार्थी मित्रहो, पुढील गोष्टी तुमच्या हातच्या आहेत. पडद्यावरील पाठ सुरू करण्यापूर्वीं आज काय शिकावयाचें तें वहींत एका ओळींत लिहा. पाठ संपल्यावर फोन बाजूस ठेवून, न पाहतां त्याचा सारांश लिहा. जें लिहितां येत नाहीं तें समजलेलें नाहीं असें खुशाल माना, व तेवढाच भाग पुनः पाहा. उदाहरण आधीं स्वतः सोडवा, मग उत्तर पडताळा. यंत्रास विचारावयाचेंच असेल तर “उत्तर दे” असें न म्हणतां “माझी चूक कोठें झाली ?” असें विचारा, आणि त्यानें सांगितलेलें पुस्तकांत पडताळून पाहा. दीर्घ धडा कागदावर वाचा. आणि अडेल तेथें वर्गांत हात वर करण्यास लाजूं नका. तुमच्या शंकेनें गप्प बसलेल्या आणखी चौघांचें काम होतें.

पालकांस विनंति

पालकांनीं मुलास फोन घेऊन दिला म्हणजे आपलें कर्तव्य संपलें असें समजूं नये. अभ्यासाच्या वेळीं फोन घरांतील बैठकीच्या जागीं, सर्वांच्या नजरेसमोर असावा. रात्रीं निजतांना तो मुलाच्या उशाशीं नसावा. कोणत्याही शैक्षणिक योजनेची वर्गणी भरण्यापूर्वीं शाळेंतील शिक्षकांचा सल्ला घ्यावा. जाहिरातींतील स्तुतीवर विसंबूं नये. मुलाचें नांव, छायाचित्र व इतर माहिती कोणास दिली जाते याकडे लक्ष ठेवावें. १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वीं पालकांची संमति घ्यावी, हें तत्त्व आपल्या देशाच्या २०२३ च्या कायद्यानें मान्य केलें आहे. ज्यांस स्वतः फारसें लिहितां वाचतां येत नाहीं अशा आईबापांसही एक गोष्ट सहज करतां येईल. मुलास रोज जवळ बसवून, “आज काय शिकलास तें मला समजेल असें सांग,” एवढेंच म्हणावें. जें मूल आपल्या आईस समजावून सांगूं शकतें, त्यास तो विषय आला असें निश्चित समजावें.

फळा असो कीं पडदा असो, मुलाचें मन कोठें अडलें आहे हें ओळखून त्यास हात देणारें मनुष्य शेजारीं असल्याखेरीज शिक्षणाची पूर्तता होत नाहीं. तें मनुष्य अधिक मुलांपर्यंत पोंचावें, मागच्या बांकावरील मुलापर्यंत विशेषेंकरून पोंचावें, यासाठीं यंत्राचा उपयोग झाला, तर ई-शिक्षण सार्थकीं लागलें असें म्हणतां येईल.